पिटमध्ये प्रश्न कोणाला विचारला जातो

दर सप्टेंबरमध्ये, अमेरिकेतील शाळा सुरू झाल्या की, नुकत्याच इकडे आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा मला फोन येतो. मुलगी किंवा मुलगा नववीत गेलेला असतो, शाळेत रोबोटिक्सची टीम असते, आणि वेळ किती जातो, अभ्यासावर परिणाम होतो का, कॉलेजच्या प्रवेशाला उपयोग होतो का, असे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे सोपी आहेत: वेळ फार जातो, जानेवारी ते एप्रिल अभ्यासाची ओढाताण होते, आणि तरीही मुलांना जरूर पाठवावे. मात्र आपल्या मुलाच्या वर्णाचा या टीममध्ये काही संबंध येतो का, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि मला सर्वांत जास्त सांगण्यासारखे आहे ते त्याविषयीच. डेट्रॉइटच्या परिसरात मी बारा हंगाम मेंटर म्हणून काम केले आहे. त्यांपैकी सात उपनगरातील एका सुस्थितीतील शाळेत गेले, आणि नंतरचे पाच शहरातील एका टीमबरोबर, जिथे बहुतेक मुले कृष्णवर्णीय आहेत आणि काही मेक्सिकन कुटुंबांतील आहेत.

या टीम ज्या स्पर्धेत उतरतात तिची ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डीन केमेन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये २८ टीमची पहिली स्पर्धा झाली. दर जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो, काही आठवड्यांत पन्नास-पंचावन्न किलोंचा रोबॉट उभा करावा लागतो, आणि मैदानावर तीन टीमची एक युती दुसऱ्या तीन टीमच्या युतीविरुद्ध साधारण अडीच मिनिटे खेळते. मिशिगनमध्ये मोटार उद्योगामुळे मेंटर म्हणून येणाऱ्या इंजिनिअरांचा तुटवडा नाही, आणि त्यांत पुण्या-पिंपरीहून आलेले मराठी इंजिनिअरही बरेच आहेत. मी स्वतः भोसरीत प्रेस टूलच्या कारखान्यात चार वर्षे काढून इकडे आले.

माझे डोळे उघडले ते चौथ्या हंगामात. त्या वर्षी आमच्या रोबॉटचा एलिव्हेटर, म्हणजे वर-खाली सरकणारा उचलण्याचा भाग, दहावीतील एका कृष्णवर्णीय मुलीने जवळजवळ एकटीने बांधला होता. चेन किती ताणावी हे तिला हाताच्या अंदाजाने कळत असे. बोटाने चेन दाबून ती ‘अजून एक दुवा कमी’ म्हणे आणि ते बरोबर निघे. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी बक्षिसे ठरवणारे दोन जज आमच्या पिटमध्ये आले. पिट म्हणजे प्रत्येक टीमला दुरुस्तीसाठी मिळणारी सुमारे दहा फूट बाय दहा फुटांची जागा. ती मुलगी रिव्हेट गन हातात घेऊन रोबॉटशेजारीच उभी होती. जजनी हसून तिच्याकडे पाहिले आणि एलिव्हेटरविषयीचा प्रश्न तिच्या मागे उभ्या असलेल्या उंच गोऱ्या मुलाला विचारला. तो टीममध्ये येऊन जेमतेम महिना झाला होता. त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, दोन वाक्ये चुकीची सांगितली आणि मग गप्प झाला. तिने त्याची चूक सुधारली नाही. दोन्ही जज सज्जन होते. आपण काय केले हे त्यांना कळलेही नसेल. ती मात्र त्यानंतर दिवसभर कोणाशी फारशी बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी टीममध्ये आली नाही. मी तिला त्या क्षणी पुढे करायला हवे होते. मुलांनीच बोलायचे, मेंटरने मध्ये पडायचे नाही, या चांगल्या नियमाच्या आड मी गप्प राहिले, ही माझी चूक आहे आणि ती मला अजून लागते.

बाहेरच्या माणसांना या स्पर्धांमधील वर्णभेद म्हटले की शिवीगाळ किंवा अपमान डोळ्यांसमोर येतो. तसे प्रसंगही घडतात. पण बारा वर्षांत मी उघड अपमान फार थोडे पाहिले आणि काम वाटताना होणारा भेद दर हंगामात पाहिला. ड्रिल प्रेसवर कोण उभे राहणार, संगणकावर ड्रॉइंग काढण्याच्या कॅडचे लॉगिन कोणाला मिळणार, रोबॉट चालवणाऱ्या ड्राइव्ह टीममध्ये कोण जाणार, आणि खोके उचलणे, बॅनर रंगवणे, खाऊचे टेबल सांभाळणे कोणाकडे जाणार, हे पहिल्या तीन-चार आठवड्यांत ठरून जाते. ते सहसा कोणी मुद्दाम ठरवत नाही. जो आधीपासून ओळखीचा आहे, ज्याच्या घरी गॅरेजमध्ये हत्यारे आहेत, जो मोठ्याने बोलतो, त्याच्या हाती काम जाते. एकदा काम हाती गेले की कौशल्य येते, आणि दुसऱ्या वर्षी ‘त्यालाच येते’ म्हणून पुन्हा त्यालाच दिले जाते.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा भेद वेगळ्या वाटेने येतो. माझा मुलगा नववीत टीममध्ये गेला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याला लॅपटॉप देऊन प्रोग्रॅमिंगच्या गटात बसवण्यात आले. कोणी काही विचारले नाही. त्या गटात आधीच पाच भारतीय आणि दोन चिनी वंशाची मुले होती. घरी येताना गाडीत तो म्हणाला, “आई, मला लेथवर काम करायचंय. मला कोणी विचारलंच नाही.” दुसऱ्या दिवशी मी मुख्य मेंटरशी बोलले, तर त्याने अगदी मनापासून सांगितले की तुमची मुले कोडिंगमध्ये हुशार असतात, म्हणून तिथे घातले. कौतुकाच्या भाषेत दार बंद झाले तर ते बंद झाल्याचे लवकर लक्षात येत नाही. त्याच टीममध्ये कृष्णवर्णीय मुलांना मात्र प्रोग्रॅमिंगच्या टेबलापाशी बसायला कोणी बोलावले नव्हते. आपल्या मुलांविषयीचा समज आणि त्यांच्याविषयीचा समज या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, आणि त्या व्यवहारात आपल्या पदरात बरेच काही पडते, हे आपण मान्य करायला हवे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडेही हातात कानस कोणी घ्यायची आणि टेबलावर बसून ड्रॉइंग कोणी काढायचे हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून ठरत आले. भोसरीत मला काम शिकवणारे फिटर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणत होते, पण मीटिंगला बोलावणे मला येई. इकडच्या पिटमध्ये जे पाहिले ते ओळखीचे वाटले ते त्यामुळेच. म्हणून मुलगा रोबोटिक्समध्ये जाऊन नटबोल्ट आवळतो, कोडिंग का करत नाही, अशी तक्रार जेव्हा एखादे पालक माझ्याकडे करतात, तेव्हा मी त्यांना शांतपणे पण स्पष्टपणे सांगते की ही तक्रार करू नका.

शहरातील टीममध्ये गेल्यावर दुसरी बाजू दिसली. उपनगरात शाळेची कार्यशाळा रात्री नऊपर्यंत उघडी असे आणि शनिवारी पालक आळीपाळीने जेवण आणत. शहरात शेवटची बस सहाला सुटे. कोणाला धाकट्या भावंडांना घरी सांभाळायचे असे, कोणी संध्याकाळी किराणा दुकानात काम करे. नोंदणीचे शुल्कच काही हजार डॉलर असते. त्यावर चाके कोणत्याही दिशेला वळवू शकणारी चार स्वर्व्ह मॉड्यूल आणि त्यांच्या आठ मोटरी घ्यायच्या तर आणखी काही हजार. मिशिगन राज्याच्या शिक्षण खात्याकडून टीमना अनुदान मिळे आणि त्याचा मोठा आधार होई, पण वेळ अनुदानातून मिळत नाही. मैदानावर आमचा साध्या चाकांचा रोबॉट पाहून ‘या मुलांना जमले नाही’ असे म्हणणाऱ्याला, ती मुले आठवड्याला बारा तास काम करून तिथे पोचली आहेत आणि समोरची तीस तास, हे दिसत नाही.

साधनांची तूट असूनही काय होऊ शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ॲरिझोना राज्यातील फिनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलचे आहे. २००४ मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पाण्याखाली चालणाऱ्या रोबॉटची ‘मेट’ स्पर्धा झाली. कार्ल हेडनची चार मुले मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतील होती आणि चौघांकडेही अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नव्हती. त्यांनी पीव्हीसीच्या पाइपांतून यंत्र बांधले. ऐन वेळी इलेक्ट्रॉनिक्सच्या पेटीत पाणी झिरपू लागले तेव्हा दुकानातून टॅम्पॉन आणून आत बसवले, आणि गळती शोषली गेली. त्यांनी एमआयटी या अमेरिकेतील नामांकित तंत्रज्ञान संस्थेच्या संघाला दुसऱ्या क्रमांकावर टाकून स्पर्धा जिंकली. टॅम्पॉनची गोष्ट सर्वांना आठवते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की तेथे गुण केवळ पाण्यातील कामगिरीला नव्हते, लेखी अहवालाला आणि तोंडी परीक्षेलाही होते, आणि तांत्रिक लेखनाचे बक्षीसही याच मुलांना मिळाले. त्यांच्या शिक्षकांनी, फ्रेडी लाजवर्दी आणि ॲलन कॅमेरॉन यांनी, मुलांना स्वतःच्या यंत्राविषयी बोलायला परीक्षकांसमोर उभे केले होते. पण विजयाने सर्व सुटले नाही. २००६ मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातील सवलतीची फी नाकारणारा कायदा मंजूर केला. त्या चौघांपैकी ऑस्कर व्हास्केझ इंजिनिअर झाला, कागदपत्रांसाठी स्वतःहून मेक्सिकोला परत गेला, २०१० मध्ये रीतसर परवानगी मिळवून आला आणि पुढे अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला. ज्यांची मुले एच-फोर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारे, इकडे आहेत अशा आपल्या कुटुंबांनी ही कथा आपल्यापासून फार दूरची समजू नये. काही शिष्यवृत्त्या केवळ नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांसाठी असतात आणि हे बारावीत कळले तर मूल खचते. नववीतच अटी वाचून ठेवाव्यात.

आता नव्याने येणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिल्या महिन्यात मुलाला घरी एवढेच विचारावे की आज तुझ्या हातात कोणते हत्यार होते. तीन आठवडे ‘कोणतेच नाही’ असे उत्तर आले तर मेंटरला भेटावे, आणि भेटताना गाऱ्हाणे न मांडता ‘याला पुढच्या आठवड्यात काय शिकवाल’ असे विचारावे. त्याने काम होते. आमच्या टीममध्ये आता जानेवारीपर्यंत प्रत्येक नवा विद्यार्थी प्रत्येक गटात दोन आठवडे काढतो. पिटमध्ये जज आले की प्रत्येकाने आपले नाव आणि ‘हे मी केले’ एवढे आधी सांगायचे, ही सवयही आम्ही लावली आहे. सुरुवातीला मुलांना हे बढाई मारल्यासारखे वाटते. आपल्या मराठी मुलांना तर विशेषच, कारण स्वतःविषयी बोलू नये असे आपण त्यांना शिकवलेले असते.

डीन्स लिस्ट या ‘फर्स्ट’च्या सन्मानासाठी मेंटर आपल्या टीममधील दहावी-अकरावीच्या दोनच विद्यार्थ्यांची शिफारस करू शकतात, आणि तिच्यासाठी निबंध मेंटरनेच लिहायचा असतो. कोणाचे काम मेंटरच्या नजरेत भरले यावर सर्व अवलंबून असते. मी वर्षभर एक वही ठेवते आणि कोणी काय केले ते त्याच दिवशी लिहिते. फेब्रुवारीत आठवणीवर विसंबले तर मोठ्याने बोलणारी मुलेच आठवतात. नावाचा उच्चार कसा करायचा हेही निवेदकाला आधी लिहून द्यावे. नातीचे नाव भर सभागृहात बरोबर उच्चारले गेले तेव्हा आमच्या एका मुलीच्या आजीने डोळे पुसले होते.

उघड अपमान झाला तर काय करावे? एका स्पर्धेच्या दाराशी हत्यारांची पेटी घेऊन जाणाऱ्या आमच्या दोन मुलांना थांबवून ‘तुम्ही खरेच टीममध्ये आहात का’ असे विचारले गेले. त्यांच्या पुढे-मागे गेलेल्या इतर कोणाला विचारले गेले नाही. मुलांच्या गळ्यात ओळखपत्रे होती. मी वेळ, जागा आणि शब्द लगेच लिहून घेतले आणि आयोजकांच्या प्रमुखाला त्याच तासात भेटले. जेवणाच्या सुटीपूर्वी त्या व्यक्तीला तेथून हलवण्यात आले आणि मुलांची क्षमा मागण्यात आली. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले असते तर ते ‘गैरसमज’ ठरले असते. मुलांना मी आधी काय सांगितले, तर त्यांनी वाद घातला नाही हे चांगले केले, आणि वाद घातला असता तरी मी त्यांच्याच बाजूने उभी राहिले असते.

आपल्याच रंगाची, आपल्या पुढे चार पावले गेलेली माणसे मुलांना दिसणेही गरजेचे असते. १९७५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेली कृष्णवर्णीय इंजिनिअरांची राष्ट्रीय संघटना शाळकरी मुलांसाठीही गट चालवते, आणि आमच्या टीमची तीन मुले त्या वाटेने इंजिनिअरिंगला गेली. भारतीय मुलांना अशा माणसांची वानवा नाही; म्हणून मराठी इंजिनिअरांनी आपल्या मुलाच्या शाळेबरोबरच शहरातील एखाद्या टीमला आठवड्याची एक संध्याकाळ द्यावी, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. काहींनी दिली. जे टिकले ते शिकवायला आलो म्हणून मिरवणारे नव्हते; ते आधी महिनाभर झाडलोट करत मुलांची नावे शिकले.

जिथे आपली टीम खेळत नसेल अशा स्पर्धांत मी आता जज म्हणून जाते. गेल्या मार्चमध्ये एका पिटमध्ये चार मुले पुढे येऊन पाठ केलेले बोलू लागली. मागे बॅटऱ्यांच्या कपाटाशी नववीचा एक कृष्णवर्णीय मुलगा आमच्याकडे पाठ फिरवून उभा होता. मी त्याच्याकडे जाऊन बॅटऱ्यांवरचे आकडे कसले आहेत असे विचारले. त्याने एकदा पुढच्या मुलांकडे पाहिले आणि मग सात नंबरच्या बॅटरीवर हात ठेवला. प्रत्येक सामन्यानंतर तो बॅटरीचा अंतर्गत रोध मोजून चिकटपट्टीवर लिहीत होता. सात नंबरचा रोध सकाळपासून वाढत चालला होता, म्हणजे ती बॅटरी कमकुवत होत होती, म्हणून अंतिम फेरीसाठी त्याने ती बाजूला काढली होती. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो साडेचार मिनिटे बोलला, आणि त्याच्या टीममधील मुलेही वळून ऐकत उभी राहिली.