खांबाचा पाय कुजलाय? या चुका टाळा

होळी झाली की फोन सुरू होतात. "गावच्या घराचा ओटीवरचा खांब खालून भुसभुशीत झालाय, सिमेंटनं भरून घेऊ का?" नका भरू, हात जोडून सांगतो.

कोकणातल्या जुन्या घराला जांभ्याचं जोतं असतं आणि खांब तळखड्यावर उभा असतो. तो दगड शोभेचा नाही. लाकडाचं कापलेलं तोंड सगळ्यात जास्त पाणी ओढतं, ते ओलीपासून वर राहावं म्हणून तो तिथे आहे. त्याभोवती सिमेंट थापलं की लाकूड आणि सिमेंट यांच्यात बारीक फट पडते. पावसाळ्यात पाणी तिथून आत उतरतं आणि मग सुकायला वाट उरत नाही.

राजापूरजवळच्या एका घरात चार वर्षांपूर्वी असंच वीतभर सिमेंट चढवून खांबाला ऑइलपेंट दिला होता. दिसायला खांब नवाकोरा. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला! सिमेंट फोडलं तेव्हा हातात आला ओला काळा भुगा आणि वाळवीची माती. त्याच खांबावरच्या तुळईला झोपाळा टांगलेला, आणि त्यावर तीन पोरं बसलेली. माझे पाय लटपटले.

अशा वेळी मी कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापतो. हातभराच्या आत निभावलं तर लाकूड जोडत बसत नाही, तेवढा उंच दगडच खाली घेतो. कापलेल्या तोंडाला काजूच्या टरफलांचं तेल दोनदा पाजतो (हातमोजे घाला, कातडी भाजते). दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिशाचा पत्रा.

दुसरी चूक घाईची. खांब कापायचा तर आधी त्यावरचा भार जॅकनं उचलावा लागतो. जॅक लावून एका दुपारी घर उचलणारे मी पाहिलेत. कौलं तडकतात, चौकटी तिरक्या होतात. आधी वरची कौलं उतरवा. जॅकखाली जाड फळ्या द्या, खांबाच्या दोन्ही बाजूंना एकेक जॅक घ्या आणि दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच चढवा. माजघराचं दार अडकायला लागलं की थांबा. हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर रात्रभर भार ठेवू नका, टेकू देऊन पाचरी ठोका. आणि साठ वर्षांत खचलेलं घर लेव्हलच्या बुडबुड्याला आणायचा हट्ट सोडा. खांबाचा भार सुटला की पुरे.

पन्हळ गळत असताना वाळवीचं औषध मारणं म्हणजे पैसे वाया. अंगणातल्या काँक्रीटचा उतार जोत्याकडे कधीच नको. न सुकलेलं लाकूड वापरू नका. जूनच्या तोंडावर काम काढू नका.

गणपतीला गावी गेलात की प्रत्येक खांब गुडघ्याखाली हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर झोपाळा त्याच दिवशी उतरवा.