मराठी फोल्डरात इंग्रजी स्क्रीनशॉट

प्ले स्टोअरसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत स्क्रीनशॉट हाताने काढणं म्हणजे निव्वळ वेठबिगारी. म्हणून फास्टलेन या ॲप-प्रकाशनाची कामं आपोआप करणाऱ्या साधनसंचातलं स्क्रीनग्रॅब घेतलं; ते ॲपच्या टेस्ट चालवत प्रत्येक भाषेत स्क्रीनशॉट काढतं. डॉक्युमेंटेशन नुसतं वाचून मत बनवण्यात अर्थ नाही. मी एका कोऱ्या अँड्रॉइड ॲपवर त्यातली प्रत्येक पायरी जशीच्या तशी केली, आणि नंतर एकेक ओळ मुद्दाम काढून काय बिघडतं ते पाहिलं.

इन्स्टॉलेशन सुरळीत. खरी गंमत पुढे. टेस्टच्या कोडमधली लोकेलटेस्टरूलची ओळ, म्हणजे टेस्ट चालताना ॲपची भाषा बदलणारी ओळ, काढली, तर टेस्ट हिरवी (म्हणजे पास), फोल्डरचं नाव मराठी लोकेलचं (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचं), आणि आत 'लॉगिन'चं बटण इंग्रजीत! लाल एरर परवडली, ही गप्प बसणारी चूक नको. ओळ परत टाकली, बटणावर 'प्रवेश करा' आलं.

आमच्या जुन्या टेस्टमध्ये स्क्रीनशॉट काढायची डेकोरव्ह्यूची पद्धत होती, ती फक्त ॲपची मुख्य खिडकी टिपते; त्यामुळे चित्रांत डायलॉग (वर उघडणाऱ्या छोट्या चौकटी) येतच नव्हते. ती बदलून पूर्ण स्क्रीन टिपणारी यूआयऑटोमेटर-स्क्रीनशॉट-स्ट्रॅटेजी लावली. डायलॉग आले, कार्डांच्या सावल्याही आल्या.

आता टीमच्या रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत) सेटअपच्या प्रत्येक ओळीसमोर 'ही नसेल तर काय दिसेल' असा रकाना आहे. नवीन माणसाला तेवढाच पाठवतो.