डुकराचं फुफ्फुस नेमकं कुठे कापायचं?

व्हेटर्नरीची डिग्री घेऊन औंधला कॉट बेसिसवर राहायला आलो. लॅबमधल्या पहिल्याच महिन्यात दौंडकडच्या एका वराहपालकाचा फोन आला. चार महिन्यांची तीन डुकरं रात्रीत गेली होती, नाकातोंडातून रक्ताळलेला फेस. मी उत्साहात छाती उघडली, काळपट टणक डाग दिसला आणि त्याच्या बरोब्बर मध्यात स्वॅब (नमुना घ्यायची कापसाची काडी) खुपसला. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटभर प्रोटियस हा कुजवणारा जंतू पसरलेला, बाकी शून्य.

लॅबच्या सीनियर मॅडमनी प्लेटकडे पाहिलंही नाही. "इंजेक्शनं कधी सुरू केली होती? आणि डाग कुठल्या भागात होता?" मला दोन्ही सांगता येईना. मालकाला फोन केला तर म्हणे, "दोन दिवस टोचतोय की सगळ्यांना, मेडिकलवाल्यानं दिलेलं."

त्या दिवशी मी आणखी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. अचानक मेलेलं डुक्कर उघडण्याआधी रक्ताचा स्मीअर (काचपट्टीवर पातळ थर) करून अँथ्रॅक्स, म्हणजे माणसालाही होणारा फाशी रोग, नाही ना, हे बघायचं. २०२० पासून आपल्या देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य रोगही आहे. जांभळे पडलेले कान त्यातही दिसतात आणि जंतूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियातही. शंका आली तर सुरी खाली ठेवा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा.

आता मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. डाग मागच्या मोठ्या खंडात, पाठीच्या बाजूला असेल, रक्ताळलेला असेल आणि वर फायब्रिनचा (गोठलेल्या रक्तद्रवाचा) पापुद्रा धरून बरगड्यांना चिकटलेला असेल, तर पहिला संशय अ‍ॅक्टिनोबॅसिलस प्ल्यूरोन्यूमोनिए या जंतूवर. पुढची, खालची टोकं जांभळट-करडी आणि मांसासारखी घट्ट झाली असतील तर मायकोप्लाझ्मा हा दुसरा जंतू. त्यात पू दिसला तर मागून पाश्चुरेला हा आणखी एक जंतू घुसलेला असण्याची शक्यता बरीच. मायकोप्लाझ्मा साध्या प्लेटवर उगवत नाही, त्यासाठी पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी. त्याला पेशीभित्तिकाच नसते आणि पेनिसिलिन तिच्यावरच काम करतं, म्हणून पेनिसिलिन कितीही टोचा, उपयोग नाही. (मेडिकलवाल्याला हे कोण सांगणार!)

नमुना डागाच्या कडेचा घ्यायचा, निम्मा आजारी आणि निम्मा चांगला भाग येईल असा. मधला भाग मेलेला असतो, तिथे कुजवणारे जंतूच भेटतात. शक्यतो औषध न दिलेलं, नुकतंच मेलेलं डुक्कर निवडा; औषधानं जंतू मेले तर प्लेटवर उगवत नाहीत, म्हणून मॅडमचा तो पहिला प्रश्न. कल्चरचा (जंतू वाढवून बघायचा) तुकडा बर्फावर ठेवा, पण गोठवू नका. हिस्टोपॅथॉलॉजीचा (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा) तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये वेगळ्या बाटलीत. दोन्ही एकाच डब्यात टाकून आणणारे महाभाग मी पाहिलेत.

काही आठवड्यांनी त्याच शेडवरून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी कडेचा तुकडा घेतला, मेंढीचं रक्त घातलेल्या अगारच्या प्लेटवर पसरला आणि मधोमध स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) या जंतूची एक रेघ ओढली. सीओटू इन्क्युबेटर बंद होता, म्हणून झाकणाच्या बरणीत मेणबत्ती पेटवून प्लेट आत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर रेघेच्या दोन्ही बाजूंना खसखशीएवढ्या कॉलन्या, आणि रेघेपासून लांब काहीच नाही. अ‍ॅक्टिनोबॅसिलसला वाढायला लागणारं एनएडी हे रसायन स्टॅफकडून मिळतं, म्हणून तो त्याच्या वळचणीला वाढतो. दिसायला सारखे आणि एनएडी मागणारे इतरही जंतू आहेत, तेव्हा ओळख पक्की करायला युरिएझ आणि कॅम्प या टेस्ट लावल्या. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. मग अँटिबायोग्राम (कुठलं औषध लागू पडतं ते बघणारी चाचणी) लावून मालकाला फोन केला.

"अजून काही टोचलं नाही बरं का डॉक्टर," तो आधीच म्हणाला. "तुम्ही नाव सांगा औषधाचं."

"उद्या दुपारपर्यंत थांबा."