पोस्ट-अप की बाहेरून शूटिंग? आधी चेंडू आत द्या

मराठवाड्यात अनेक कॉलेजांचं बास्केटबॉल कोर्ट उघड्यावर, सिमेंटचं. वारा सुटला की तीन गुणांच्या रेषेबाहेरून, म्हणजे ६.७५ मीटरवरून मारलेला चेंडू भरकटतो. म्हणून सुरुवात पोस्टवरूनच करावी, म्हणजे बास्केटजवळ, पाठ बास्केटकडे करून चेंडू घ्यावा (पोस्ट-अप).

सेंटरने (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्याला लागून, पण बाहेर पाय रोवावेत. गुडघे वाकलेले, पाठ बचावपटूला टेकलेली, त्याच्यापासून लांबचा पंजा उघडा. पट्ट्यात ३ सेकंदांहून जास्त थांबलात तर चेंडू समोरच्यांचा. पास विंगवरून (कोर्टाच्या कडेच्या भागातून), टप्पा देऊन. बचावपटू पुढे येऊन उभा राहिला तरच डोक्यावरून. चेंडू हातात येताच ड्रिबल नको, आधी खांद्यावरून मागे बघा.

दुसरा बचावपटू मदतीला धावला, की कोपऱ्यातला शूटर मोकळा. तिथे तीन गुणांची रेषा ६.६० मीटरवरच आहे. मात्र पास येण्याआधीच शूटरचे गुडघे वाकलेले हवेत. ताठ पायांनी मारलेला शॉट आखूड पडतो.