चॅटबॉटला शेतीचं विचारा, पण आकडा पुडीवर पाहा

फोनमध्ये चॅटबॉट आहे आणि त्याच्याशी मराठीत बोलता येतं, एवढं धरून चालतो. प्रश्न कसा विचारावा यावरचे तास-तासाचे व्हिडिओ पाहू नका. शेती न पाहिलेल्या पाहुण्याला सांगावं तसं सांगा: पीक कोणतं, किती दिवसांचं, जमीन भारी की हलकी, ओलीत की कोरडवाहू, काय दिसतंय. पऱ्हाटी त्याला कळेलच असं नाही, म्हणून कापूस म्हणा. बोलून विचारलं असेल, तर काय टाईप झालं ते पाठवण्याआधी वाचा.

अर्ज, तक्रार, ग्रामपंचायतीचं निवेदन, शासन निर्णयाची दहा पानं सोप्या मराठीत करून घेणं, ही कामं त्याला खुशाल द्या. कागद आपणच दिलेला असतो, त्यामुळे ताडून पाहता येतं. आधार आणि बँक खात्याचा नंबर मात्र त्यात टाकू नका, ती जागा मोकळी ठेवून नंतर हाताने भरा.

खरं काम उत्तर तपासण्याचं आहे, आणि तिथंच मी फसलो होतो. कापसावरच्या बोंडअळीसाठी इमामेक्टीन बेंझोएट 5 एसजी हे कीटकनाशक किती घ्यायचं, असं विचारलं. उत्तर आलं, एकरी 200 ग्रॅम. सांगणं इतकं ठाम होतं की मी पाणी भरायला निघालो. काका बांधावर बसले होते. म्हणाले, "पुडीवर काय लिवलं हाये, थे तं पाय पयले."

पुडीतली घडी केलेली पत्रिका काढली. अक्षर मोहरीएवढं. फोनचा कॅमेरा मोठा करून वाचलं: 190 ते 220 ग्रॅम, 500 लिटर पाण्यात, हेक्टरी. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणजे एकरी 80 ग्रॅमच्या आसपास. आकडा बरोबर होता, हेक्टरचं एकर झालं होतं, आणि मी अडीचपट औषध मारणार होतो. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. असा आकडा अंदाजानं घ्यायचा नसतो.

त्यानंतर मी दुसरी चूक केली. त्यालाच विचारलं, "नक्की का?" त्यानं माफी मागून वेगळा आकडा दिला. पुन्हा विचारलं, तर पहिल्यावर परत आला. "शंका आली तर त्यालाच पुन्हा विचारा" हा सल्ला जो देतो, त्यानं स्वतःच्या वावरात कधी तो आकडा वापरलेला नाही. चॅटबॉट वाचलेल्या मजकुराच्या आधारे शब्दाला शब्द जोडतो आणि विचारणाऱ्याच्या मनासारखं बोलण्याकडे त्याचा कल असतो. "हे चालेल ना?" म्हटलं की बहुतेक वेळा "हो" येतं. दोन चॅटबॉटचं एकमत झालं तरी पुरावा धरू नका, दोघांनी एकच चुकीचा मजकूर वाचलेला असू शकतो.

मी आता असं करतो. उत्तरातला प्रत्येक आकडा, एकक, तारीख, औषधाचं नाव वहीत उतरवतो आणि पुढे लिहितो, हे मी कुठं पाहिलं. औषध असेल तर पत्रिका. तिच्यात आपल्या पिकाचं नाव नसेल, तर ते औषध त्या पिकावर मारायचं नाही. फवारणी पंपाचा हिशेब हाताने करा: 500 लिटरला 200 ग्रॅम म्हणजे 10 लिटरला 4, आणि 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, तिथं हा हिशेब चालत नाही, एकरी मात्रा धरा.

योजनेचं उत्तर शिळं असू शकतं. एक रुपयात पीक विमा खरीप 2023 पासून होता, खरीप 2025 ला तो बंद होऊन सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि कापसाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आला. जुना मजकूर वाचलेला चॅटबॉट अजूनही एक रुपयाच सांगेल. शासन निर्णयाचा क्रमांक दिला असेल, तर तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शोधा. सापडला नाही, तर अख्खं उत्तर सोडा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारा.

पानाचा फोटो टाकून रोग विचारलात, तर एका नावावर थांबू नका. "असंच दिसणारं दुसरं काय असू शकतं?" हे विचाराच. कापसाचं पान लाल पडलं तर मॅग्नेशियमची कमतरता असेल, तुडतुडे असतील, थंडी असेल किंवा वावरात पाणी साचलं असेल, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. ही यादी हातात घेऊन वावरात जा, पान उलटं करून तुडतुडे पाहा, मुळाशी ओल पाहा. तरी उलगडलं नाही, तर कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जा, नाहीतर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन लावा. सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत ते मराठीत बोलतात.