ऑनलाइन पिचिंग कोचिंग घेताय? सातारा-सांगलीच्या मैदानांवर होणाऱ्या या चुका टाळा

सातारा, कराड, सांगली, मिरज भागात शाळेकडून बेसबॉल खेळणारी मुलं आहेत, पण फक्त पिचिंग, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणं, शिकवणारा प्रशिक्षक जवळपास मिळणं अवघड. पीटीचे सर एकटेच कबड्डीपासून सॉफ्टबॉलपर्यंत सगळं सांभाळतात. त्यामुळे पुण्यातल्या किंवा थेट अमेरिकेतल्या कोचकडून व्हिडिओवर वैयक्तिक मार्गदर्शन घेणं हा चांगला मार्ग आहे. मात्र दूर बसलेल्या कोचला तुम्ही जेवढं दाखवाल आणि सांगाल तेवढंच कळतं. मैदानावर जे मोजलं गेलं नाही किंवा लपवलं गेलं, त्याचा त्रास पुढे मुलाच्या कोपराला होतो.

चूक: कसाही काढलेला व्हिडिओ पाठवणं

पुढचा पाय जमिनीला टेकल्यापासून चेंडू हातातून सुटेपर्यंत साधारण 0.15 सेकंद जातो. फोन साध्या मोडवर, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेमवर असेल तर या वेळात जेमतेम चार-पाच चित्रं मिळतात आणि हात त्यांत धूसर दिसतो. तेच 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये 35च्या आसपास चित्रं मिळतात. पाय टेकला तेव्हा कोपर खांद्याच्या रेषेत होतं का, छाती आधीच उघडली होती का, हे त्यातूनच ठरवता येतं. फोनमध्ये 240 नसेल तर 120 चालेल.

स्लो मोशनला उजेड भरपूर लागतो. सकाळी सात-आठ वाजता, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवून घ्या. संध्याकाळी मैदानाच्या दिव्यांखाली काढलेला व्हिडिओ बऱ्याचदा लुकलुकतो, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि काही दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं.

कोन दोनच ठेवा, पण दर वेळी तेच. उजव्या हाताच्या पिचरसाठी तिसऱ्या बेसच्या बाजूने (फलंदाजाकडे तोंड केल्यावर त्याच्या उजवीकडून), डावखुऱ्यासाठी पहिल्या बेसच्या बाजूने (डावीकडून), पाच-सहा मीटरवरून. पूर्ण शरीर आणि पुढे पडणारा पाय दोन्ही चौकटीत हवेत. दुसरा कोन पाठीमागून, रबर (पिचर ज्यावर पाय ठेवून टाकतो ती पट्टी) आणि होम प्लेट (फलंदाजाजवळची पाटी) यांच्या सरळ रेषेत. फोन कमरेच्या उंचीवर ट्रायपॉडला लावा, नाहीतर स्टुलावर टेकवून ठेवा. मित्राच्या हातातला फोन हलतो, आणि हलत्या चित्रावर रेषा आखून मोजमाप करता येत नाही. ढगळ टी-शर्टात खांदा आणि कोपर झाकले जातात, म्हणून अंगाबरोबरचा टी-शर्ट घाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला की फाइल दाबली जाते आणि बारकावे जातात. तो डॉक्युमेंट म्हणून जोडा किंवा गुगल ड्राइव्हची लिंक द्या.

सगळ्यात मोठी गफलत निवडीत होते. दहांतले सुंदर पडलेले दोन पिच (टाकलेले चेंडू) कोचला जातात, बाकीचे डिलीट होतात. त्याऐवजी सरावाच्या सुरुवातीचे सलग तीन आणि शेवटचे सलग तीन पिच पाठवा, ते जसे पडले तसे. थकल्यावर कोपर खाली येतं का, पाऊल आखूड पडतं का, हे शेवटच्या तिनांतच दिसतं.

चूक: अंतर आणि माउंड (पिचरचा मातीचा उंचवटा) अंदाजाने

पूर्ण आकाराच्या मैदानावर पिचिंगचं अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे 18.44 मीटर. ते रबरच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत मोजायचं असतं. टेप प्लेटच्या पुढच्या कडेला लावला तर प्लेटच्या खोलीइतका, म्हणजे 43 सेंटिमीटरचा फरक पडतो. लहान मुलांना हे अंतर देऊच नका. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलमध्ये 12 वर्षांपर्यंतची मुलं 46 फुटांवरून, म्हणजे 14.02 मीटरवरून टाकतात. पूर्ण अंतरावर लहान मुलगा चेंडू पोचवायला खांद्यावर जोर देऊन फेकतो आणि तीच सवय अंगात मुरते.

नियमाप्रमाणे रबर होम प्लेटपेक्षा 10 इंच उंच असतं. त्याच्या 6 इंच पुढून उतार सुरू होतो, दर फुटाला 1 इंच. सांगलीकडच्या काळ्या मातीचा माउंड उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसात पायाला चिकटतो. खाली मुरूम आणि वर चिकणमाती थर-थर घालून, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकून घ्या. पुढचा पाय पडतो तिथे खळगा होतो, तो प्रत्येक सरावानंतर भरा. खळग्यात पाऊल तिरकं पडलं की व्हिडिओत ती तंत्राची चूक दिसते आणि कोच नसलेल्या दोषावर उपाय देत बसतो. माउंड नसेल तर सपाट जमिनीवर टाका, पण तसं कळवा.

चेंडूचंही तसंच. बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा असतो. शाळेच्या पेटीत सॉफ्टबॉल सापडला म्हणून त्यावर पिचिंगचा सराव करू नका. तो मोठा आणि जड असतो, पकड आणि हाताची चाल दोन्ही बदलतात.

चूक: पिच न मोजणं, आणि क्रिकेट न सांगणं

आपल्या भागात सर्वाधिक नुकसान इथेच होतं. मुलगा मंगळवारी माउंडवरून 40 पिच टाकतो, बुधवारी शाळेच्या संघात कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) म्हणून उभा राहतो आणि रविवारी गल्लीच्या टीमकडून फास्ट बोलिंग करतो. कोचच्या वहीत फक्त मंगळवार असतो.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या अमेरिकेतल्या संस्थांच्या पिच स्मार्ट मार्गदर्शक तत्त्वांत सामन्यासाठी दिवसाची कमाल मर्यादा अशी आहे: 9-10 वर्षांना 75 पिच, 11-12 वर्षांना 85, 13 ते 16 वर्षांना 95, 17-18 वर्षांना 105. ही कमाल आहे, रोजचं लक्ष्य नव्हे. त्याहून महत्त्वाची विश्रांती. 9 ते 14 वर्षांच्या मुलाने 21 ते 35 पिच टाकले तर एक दिवस, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन आणि 66 च्या पुढे चार दिवस पिचिंग बंद. एकाच सामन्यात पिचर आणि कॅचर दोन्ही होऊ नये, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो.

शालेय स्पर्धा सलग दिवसांत उरकल्या जातात. जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य. आणि जिंकायचं म्हणून चांगल्या पिचरलाच प्रत्येक सामन्यात उभं केलं जातं. म्हणून स्पर्धेच्या तारखा कोचला आधी द्या आणि त्याने ठरवलेला आकडा पीटीच्या सरांच्या हातात लेखी द्या. मैदानाबाहेर एकाने फक्त मोजायचं काम करावं.

वर्षात किमान चार महिने पिचिंग बंद, त्यांपैकी दोन-तीन महिने खांद्याच्या वरून फेकणं पूर्ण बंद, असाही सल्ला आहे. वार्षिक परीक्षेचे फेब्रुवारी-मार्च त्यासाठी सोयीचे. पण त्या काळात नेटमध्ये बोलिंग चालू राहिली तर ती विश्रांती नव्हे.

कोचला रोजची नोंद एवढी पुरते: “वय 14, मंगळवार, माउंड, 32 पिच, पैकी 24 फास्टबॉल, 8 चेंजअप. रविवारी क्रिकेट 6 ओव्हर. कोपर 0, खांदा 2.” फास्टबॉल म्हणजे पूर्ण वेगाचा चेंडू, चेंजअप म्हणजे तशाच हालचालीने टाकलेला हळू चेंडू. शेवटचे आकडे दुखण्याचे, 0 ते 10 मध्ये. ते मुलाने स्वतः सांगायचे, बाबांनी अंदाजाने भरायचे नाहीत.

चूक: एकाच वेळी चार गुरू

कोचने पावलाची दिशा सुधारायला सांगितली, त्याच आठवड्यात यूट्यूबवर पाहून हाताचा कोन बदलला. आता फरक कशाने पडला ते कोणीच सांगू शकत नाही. एका वेळी एकच बदल, आणि तो दोन-तीन आठवडे तसाच ठेवा.

कर्व्हबॉलची, म्हणजे वळणाऱ्या चेंडूची, घाई हीदेखील बाहेरून येते. 12 वर्षांपर्यंत फास्टबॉल आणि चेंजअप एवढंच पुरे. ते दोन्ही नेमके पडायला लागल्यावर, 13-14 नंतर पुढचं. जड चेंडूंचे सराव कोचने त्याच मुलासाठी लिहून दिले नसतील तर करू नका.

चूक: वेगाच्या आकड्यामागे धावणं

वेग मोजणारी रडार गन नसल्याने व्हिडिओतून वेग काढला जातो. ताशी 100 किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटून प्लेटपर्यंत पोचायला सुमारे 0.6 सेकंद घेतो, म्हणजे 30 फ्रेमच्या व्हिडिओत 18 चित्रं. मोजताना एक चित्र चुकलं की उत्तर पाच-साडेपाच किलोमीटरने बदलतं. अशा आकड्यावर पोराला शाबासकीही देऊ नका आणि रागावूही नका. 240 फ्रेमवर हीच चूक एका किलोमीटरच्या आत राहते.

चूक: दुखणं व्हिडिओवर सोडवू पाहणं

वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला हाड पूर्ण जुळलेलं नसतं. तिथे कूर्चेचा मऊ थर असतो, ज्याला डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतात. प्रत्येक जोरदार थ्रोत त्यावर ताण येतो. त्या जागी दुखलं, सूज आली किंवा कोपर पूर्ण सरळ होईना, तर त्याच क्षणी फेकणं थांबवा. सामन्याआधी वेदनाशामक गोळी देणं ही गंभीर चूक आहे; दुखणं दबतं, इजा वाढत राहते. मालिश करून किंवा कोपर ओढून बसवून घेऊ नका. सांगली-मिरज, सातारा, कराडमध्ये अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, त्यांना प्रत्यक्ष दाखवा आणि मुलगा किती फेकतो ती वही बरोबर न्या. डॉक्टर काय म्हणाले ते कोचला शब्दशः कळवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर थेट माउंडवर जाऊ नका. कमी अंतरावर, सपाट जमिनीवर, मोजक्या हलक्या थ्रोंनी सुरुवात होते. एक दिवस फेकायचं, एक दिवस सोडायचं. अंतर आधी वाढतं, जोर नंतर, माउंड सगळ्यात शेवटी. कोणत्याही टप्प्यावर पुन्हा दुखलं तर थांबून डॉक्टरांना कळवा आणि त्यांनी सांगितल्यावर मागच्या टप्प्यापासून सुरू करा, स्पर्धा दोन दिवसांवर असली तरी.