सोलापूरहून जर्मनीला शिकायला निघताना: कडक भाकरी ते टपालपेटी

ऑक्टोबरच्या सत्राला जर्मनीला निघालेल्या पोरांच्या घरी सप्टेंबरात एकच चित्र असतं. हॉलमध्ये उघडी बॅग, शेजारी वजनकाटा आणि आईच्या हातात अजून एक डबा. या वादात आईला जिंकू द्या, पण डब्यात काय भरायचं ते तुम्ही ठरवा.

तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. युरोपीय संघाबाहेरून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. सोलापूरकराला त्याची फिकीर नसावी, कारण आपला खरा शिधा प्रवासाचाच आहे: ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीत पाणीच उरलेलं नसतं, त्यामुळे हवा लागली नाही तर ती महिनाभर सहज टिकते. मात्र ती मोडते. मी पहिल्या खेपेला प्लास्टिकच्या पिशवीत नेली आणि तिथं पोचल्यावर माझ्याकडे फक्त चुरा होता. पसरट स्टीलच्या डब्यात, खालीवर कागद घालून घट्ट बसवा आणि डबा कपड्यांच्या मधोमध ठेवा. चटणीला तेल सुटतं, म्हणून तिला दोन पिशव्या. चादर मात्र घरीच राहू द्या, ती एकटीच बॅगेचं वजन खाते.

पैशांचं आधी बघा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ यूरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात (ही रक्कम बदलत असते, अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा). पण तिथलं बँक खातं उघडेपर्यंत त्यातलं काहीच मिळत नाही. पहिल्या महिन्याचं भाडं आणि किराणा भागेल एवढे पैसे वेगळे ठेवा.

खोलीत राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून खोली पक्की झाली की सोलापुरात बसूनच ती ऑनलाइन बघायला लागा. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: खालच्या टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. तिथं कर क्रमांकापासून बऱ्याच गोष्टी टपालानं येतात. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझं बँकेचं कार्ड असंच परत गेलं. आपल्याकडे गल्लीत नुसतं नाव विचारलं तरी घर सापडतं, तिथं तसं नाही.

रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून दूध-कांदे शनिवारीच आणून ठेवा. पाण्याची प्लास्टिकची रिकामी बाटली फेकू नका, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात. घरी फोन संध्याकाळी सहाला करा, उन्हाळ्यात तेव्हा सोलापुरात साडेनऊ वाजलेले असतात. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग तेच साडेदहा होतात आणि आई पेंगते.

आता सामायिक स्वयंपाकघर. शेंगाचटणीचा डबा उघडण्याआधी सोबतच्यांना विचारा, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? काहींच्या ती जिवावर बेतू शकते. तसं कुणी असेल तर चटणी आपल्या खोलीत ठेवा, चमचाही वेगळा. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका, ती शांततेची वेळ असते.

भाकरीचा चुरा झालाच असेल तर टाकू नका. दह्यात भिजवा, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी द्या. फक्त कढई तापवण्याआधी खिडकी सताड उघडा आणि बोळाकडचं दार लावा. छतावरच्या धुराच्या अलार्मला लाल मिरचीची फोडणी आणि आग यातला फरक कळत नाही.